भुताच्या पावलांचं भरीत

समस्त खानदेशी जनतेस अत्यंत गंभीरपणे आणि पूर्ण शुद्धीत कळवण्यात येते की, भूत डोळ्यांना दिसत नाही. ते कानांना दिसतं. शंका असेल त्यांनी मोबाइलवर एखादा भयपट लावावा आणि आवाज बंद करावा. समोर उरते फक्त केस न विंचरलेली एक बाई. तिला घाबरायचं राहतं बाजूला, हिच्या डोक्याला तेल लावणारं घरात कुणी नाही का, याचीच काळजी लागते.

हा शोध लागला माझ्या मेहुण्यामुळे. बायकोचा धाकटा भाऊ, राहणार असोदा. घरी केळी आणि कपाशी, आणि लग्नसराईत जळगावभर लग्नांचं शूटिंग. हळदीत नाचणारे काका टिपून टिपून हा माणूस इतका कंटाळला की गेल्या वर्षी त्याने स्वतःचाच सिनेमा काढला. जेमतेम अर्ध्या तासाचा, पण भयपट, आणि तोही आपल्या बोलीत. भर दुपारी केळीच्या बागेतून भूत येतं, शेतातल्या खोलीत सून एकटी असते, अशी गोष्ट. सुनेचं काम त्याच्या बायकोने केलं होतं. भुताचं काम गोधडीत गुंडाळलेल्या चुलतभावाने.

पहिला खेळ अंगणातच झाला. भिंतीला चादर लावली, भाऊबंद जमले. आवाज कॅमेऱ्याने जो घेतला होता तोच. त्यामुळे भूत केळीतून निघालं तेव्हा एक बकरी ओरडली. भूत दारापाशी आलं तेव्हा कुणीतरी सणसणीत शिंकलं. सून भीतीने डोळे विस्फारत होती आणि कॅमेऱ्यामागून मेहुण्याचाच आवाज आला, "हां, आता घाबर! अजून घाबर!"

लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. एक काकू तर म्हणाल्या, "त्या भुताले बसाले टाक रे कोनी, दमलं असन."

आबा, म्हणजे माझे सासरे, तेवढे हसले नाहीत. ते उठले, टोपी नीट केली आणि पोराला म्हणाले, "पुन्हा एकडाव दाखव. पुन्हा लोक हसले तं लग्नं तेवढी काढायची. भुतं बंद."

"बंद," मेहुणा म्हणाला. आबांना दिलेला शब्द तो मोडत नाही, हे त्या घरात सगळ्यांना माहीत. तेवढं बोलून तो चादर काढायला गेला आणि बराच वेळ तिची घडीच घालत बसला. ते बघून मला राहवेना.

आता, सासरी जावयाला मान फार असतो आणि काम काही नसतं. असा माणूस धोकादायक. मी त्याला कोपऱ्यात घेतलं. "अरे, लोक तुझ्या चित्राला हसलेच नाहीत. बकरीला हसले. नवा आवाज टाकू."

"दाजी, तुम्हाला येतं का त्यातलं काही?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. "म्हणूनच मजा येईल."

पहिल्यांदा आम्ही इंटरनेटवरून आवाज उतरवले. लांडगे, घुबडं, चर्चची घंटा. असोद्याच्या केळीत चर्चची घंटा वाजली आणि आम्ही दोघंच इतके हसलो की चहा सांडला. मग ठरलं, सगळा आवाज घरचाच वापरायचा.

वाळलेल्या केळपानांवर मी स्वतः लोळलो. माइकमधून ऐकलं तर अंगावर काटा आला. प्रत्यक्ष बघणाऱ्या शेजाऱ्याला मात्र माझ्या तब्येतीची काळजी वाटली. अडलं ते पावलांपाशी. भूत ओल्या बागेतून चालत येतं, तेव्हा पाय चिखलात रुतून वर येण्याचा आवाज हवा. खऱ्या चिखलात चालून पाहिलं. ऐकायला आलं ते फक्त पचपच, जसं काही म्हैस चाललीये.

तेवढ्यात मळ्यात भरिताचा बेत ठरला. हिरवी मोठी वांगी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजली, सोलली आणि लाकडी भांड्यात घातली. आबांनी मुसळ हातात घेतलं. ठेचायला लागले आणि मेहुण्याच्या हातातली कांद्याची पात गळून पडली. तो मऊ, जड, ओला आवाज! काहीतरी रुततंय, आणि नाइलाजाने वर निघतंय.

"आबा, थांबा! सावकाश! एक घाव, मग थांबा, मग दुसरा!"

"भुताले भरीत खाऊ घालून राह्यला का तू?" आबा म्हणाले, पण ठेचू लागले. मी माइक धरला. चार पावलं झकास आली आणि पाचव्याला सासूबाई ओरडल्या, "अहो, मीठ टाकलं का?"

पुन्हा पहिल्यापासून. आबांना मग चव लागली. "हे भूत जरा लंगडं करू का?" असं तेच विचारू लागले. जेवणं लांबली, भरीत इतकं बारीक झालं की भाकरीवर ठरेना. दारावरची थापही आबांनीच दिली, मुसळाने, शेतातल्या खोलीच्या दारावर. ठक्. ठक्.

आणि तेवढ्यात लाइट गेली. विहिरीवरची मोटर सकाळपासून घूंऽऽ करत होती, ती थांबली. आम्ही सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. मोटर बंद पडली की आमच्याकडे माणूस आधी दचकतो आणि मग कारण शोधतो. मेहुणा माझा दंड धरून कुजबुजला, "दाजी! हेच! हेच पाहिजे!"

दुसरा खेळ धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये. बोलीतल्या छोट्या सिनेमांची दुपार होती. हॉल भरलेला, आणि सगळी खेड्यापाड्यांतून आलेली शेती करणारी माणसं. आबा धोतर-टोपीत पहिल्या रांगेत, हात घट्ट बांधून. मेहुणा माझ्या शेजारी. त्याच्या गुडघ्याने सगळी रांग हलत होती.

सिनेमा सुरू झाला. मोटरची घूंऽऽ मुद्दाम ठेवली होती, बारीक, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी. सून भाकरी थापते. घूंऽऽ. झाडून घेते. घूंऽऽ. मागे कुणीतरी खाकरलं, एक पोरगं खुदकन हसलं आणि मेहुण्याने डोळे मिटले.

मग मोटर बंद पडली.

देवाशपथ सांगतो, सगळा हॉल ताठ झाला! मागून एका बाईने घाबऱ्याघुबऱ्या आवाजात विचारलं, "लाइट गई का वं?" पडदा समोर लखलखतोय आणि बाई विचारते लाइट गेली का! मला उठून नाचावंसं वाटलं.

शांतता. मग ते पाऊल. थांबणं. दुसरं पाऊल. गोधडीतला चुलतभाऊ आम्ही कापूनच टाकला होता. पडद्यावर फक्त केळीची पानं आणि बंद दार. पण जो तो दाराकडे असा बघत होता की मलाही क्षणभर वाटलं, आहे कुणीतरी. मी मेहुण्याला कोपराने ढोसलं. "डोळे उघड. बघ लोकांकडे." त्याने उघडले आणि बघतच राहिला.

ठक्. ठक्.

सून हातातला झाडू ठेवते. सासरे शेतावरून आले असं तिला वाटतं. कडीला हात घालत ती गोड आवाजात विचारते, "आबा, तुमी का?"

आणि पहिल्या रांगेतून, खुर्चीतून अर्धे उठून, ती थाप ज्यांनी स्वतःच्या हाताने दिली होती ते माझे सासरे ओरडले, "उघडू नको वं माय! मी नही तो!"