ओल्या वाळूवर थांबवलेली गाडी

मागची दोन्ही चाकं निम्मी वाळूत गेली होती. पाणी वीस पावलांवर. गाडीत शांताक्का एकट्या बसलेल्या, आणि खाली मी एकटा.

मी जतचा. शाळा दुसरीपर्यंत, पण स्टेअरिंगवर तीस वर्षं. साताऱ्याच्या एका मालकाची सतरा सीटर चालवायचो, सहली न्यायचो. निघताना मालक म्हणाला होता, "मामा, वय झालं तुमचं. आता एकदा जरी गाडी अडकली, तर चावी दुसऱ्याकडं."

"अडकायला मी काय नवशिका हाय व्हय?"

त्या वेळची सहल परराज्यातल्या एका बेटावर होती, पुलानं जोडलेल्या. कोसभर लांब वाळूचा किनारा, टोकाला समुद्रानं पोखरलेल्या गुहा. पॅसेंजर गाईडबरोबर तिकडं गेले. ड्रायव्हरचं असंच. लोक जागा बघतात, आपण पार्किंग. एवढे धबधबे, देवळं केली, मला फक्त फाटकं माहीत.

त्या दिवशी कोरेगावच्या शांताक्का मागं राहिल्या. गुडघे चालत नव्हते.

"आवं मामा, आमचं ह्ये फौजेत हुतं. लय सांगायचं समुद्राचं. आन् मी हितवर येऊन पार्किंग बघू?"

"चला, पाण्यापातूर नेतो."

ओहोटी होती. ओली वाळू कडक असते, चाक बसत नाही. आमच्याकडं नदीच्या पात्रातनं मी अशाच गाड्या काढल्यात. खाली घेतली. सुरूची झाडं मागं पडली, खेकडे चाकापुढनं पळाले. मधोमध आल्यावर आक्का म्हणाल्या, "थांबवा जरा."

इंजिन बंद केलं. आक्का बराच वेळ पाण्याकडं बघत राहिल्या. मी पण बघत बसलो. मग गाडी मागं कलली.

लांबून एक कोळी ओरडला, "काका, पानी चढ रहा है! ट्रॅक्टर बुलाऊं?"

"नको!"

टायरमधली हवा कमी केली. हवा कमी केली की टायर पसरतं, वर यायला सोपं जातं. चाकाखाली पायपुसणी घातली. क्लच सोडला. चाकं आणखी खाली.

"मामा, हाक मारा की त्याला."

"माझी गाडी आजवर कुणी वढली न्हाई, आक्का."

"मग तुमच्या तोऱ्यापायी मी बुडू व्हय? मला तर पळायला बी येत न्हाई!"

तेवढ्यात लाट चाकाला लागली. मी कोळ्याला हात केला.

ट्रॅक्टर आला, दोर बांधला, दहा मिनिटांत गाडी वर. आक्का म्हणाल्या, "मी न्हाई कुणाला सांगत." मी म्हटलं, "मीच सांगतो." मालकाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आल्यावर चावी द्या, मामा."

दिली. आता घरी असतो. फोन फारसा वाजत नाही.

ड्रायव्हर लोकांसाठी सांगतो. ओली वाळू चालती गाडी पेलते, उभी नाही. बघायचं असेल तर गाडी वर लावायची आणि पायी जायचं. सोबतच्या माणसाला चालता येत नसेल तर त्याला पाठीवर घ्यायचं. मला ते सुचलं नाही.