टायपिंगअक्काचा नियम

टायपिंगअक्का पाठमोरी बसून चूक पकडायची. हुमनाबादच्या बसस्टँडमागे तिची टायपिंगची शिकवणी होती. पोरं ओळीनं बसून मशीन बडवायची, ही भिंतीकडे तोंड करून गवार निवडायची आणि मध्येच म्हणायची, "ए कोपऱ्यातली, करंगळी कामून राखून ठेवायलीस? नवऱ्याला दाखवायला व्हय?" मराठी, कन्नड, इंग्रजी, कुठलंही मशीन असो, कुठलं बोट आळशी आहे ते तिला आवाजावरून कळायचं.

पुढं मशीनं गेली, पाच कॉम्प्युटर आले आणि शिकवणीचा सायबर कॅफे झाला. मी तेव्हा हायस्कुलातून निवृत्त झालो होतो. मराठीचा मास्तर, म्हणून सगळे मला सर म्हणत. वयानं ती वीस वर्षांनी लहान, तरी मीही तिला अक्काच म्हणायचो. कॉम्प्युटरवर मराठी लिहायला तिनं मला शिकवलं. माझा ब्लॉगही तिनंच उघडून दिला. सहा महिने मी रोज तेच तेच विचारलं, पण ती एकदाही कंटाळली नाही.

त्याच काळात आमच्या वाचनालयानं ब्लॉग सजावटीची स्पर्धा काढली. आमच्याकडची मुलं पुण्या-हैदराबादला कामाला गेली होती आणि तिथून मराठीत ब्लॉग लिहीत होती. ज्याचं पान सुबक, त्याला बक्षीस. संयोजक मी, नियमही मीच लिहिले. ब्लॉगला फुकट जागा देणाऱ्या तीन-चार कंपन्या होत्या आणि प्रत्येकीची रीत निराळी. मला एकच येत होती, माझी. म्हणून मी लिहिलं की टेम्प्लेटची, म्हणजे पानाच्या सजावटीची, फाईल पाठवावी. बाकीच्या कंपन्या ती फाईल देतच नाहीत हे मला ठाऊक नव्हतं. कळल्यावरही मी नियम बदलला नाही. बदलला असता तर आपलं अज्ञान कबूल करावं लागलं असतं.

हळ्ळीखेडची एक मुलगी पुण्यात नर्स होती. तिनं मेल केली, "सर, माझ्याकडं फाईल निघत नाही. मी बाद का?" कॅफेत बसून मी 'होय' टाइप करत होतो, तेवढ्यात मागं अक्का येऊन उभी राहिली.

"तिला कामून काढायलाव, सर?"

"नियम आहे, अक्का."

"कुणी केला?"

"समितीनं."

"समिती म्हंजे तुम्हीच की! बाकीचे दोघं तर चहापुरते येतेत." मग तिनं खुर्ची ओढली. "टायपिंगच्या परीक्षेला पोरं आपापलं मशीन गोधडीत बांधून बसनं न्यायची. एकाचं नवं, एकाची कळ अडकलेली. तपासणारा मशीन बघायचा व्हय? कागद बघायचा. तुम्ही फाईल कशाला मागायलाव? पत्ता मागा. पान उघडा अन् बघा."

मी 'होय' पुसलं.

पुढचं सगळं तिनंच रचलं. परीक्षेला सगळ्यांना एकच उतारा असतो, म्हणून सगळ्या स्पर्धकांनी एकच मजकूर लावायचा ठरलं: एक पत्र, एक फोटो, एक तक्ता. पानं उघडायची ती तिच्या तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर, जो सगळ्यांत रडका होता. "हितं उघडलं म्हंजे ठाणाकुशनुरासारख्या खेड्यातबी उघडंल," ती म्हणाली. वर कंपनीचं नाव दिसतं, तिथं तिनं लग्नपत्रिकेची पट्टी कापून पडद्यावर चिकटवली. परीक्षक आधी हसले. मग मात्र पट्टीखालचंच बघू लागले. त्या नर्स मुलीला दुसरं बक्षीस मिळालं.

अक्काचाही ब्लॉग होता, माझ्या नियमात न बसणाऱ्याच एका कंपनीवर. मी म्हटलं, "आता तुमचंही नाव घाला." ती म्हणाली, "न्हाई सर. कॉम्प्युटर माझा, पट्टी माझी, उतारा माझा. मग बक्षीसबी मीच घिऊ?" तिनं नाव घातलं नाही.

समारंभात पाहुणे म्हणाले, "सरांनी दूरदृष्टीनं ही स्पर्धा सगळ्या ब्लॉगांना खुली केली." मला शाल मिळाली. अक्का तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. माईक हातभर लांब होता. मी शाल नीट केली आणि खाली बसलो. स्मरणिकेतही तसंच छापून आलं. पुढं दुसऱ्या गावच्या वाचनालयांनी तो 'सरांचा नियम' म्हणून उचलला, तेव्हाही मी गप्प राहिलो.

समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी कॅफेत गेलो होतो, तेव्हा अक्का म्हणाली, "शाल उबदार हाय का, सर?"

"बरी आहे."

"मग झालं. पर उन्हाळ्यात पांघरू नगा, घाम फुटंल." एवढं म्हणून तिनं माझ्यासाठी चहा सांगितला. त्या विषयावर पुन्हा कधी एक शब्द नाही.

मोबाईलवर इंटरनेट आलं आणि कॅफे बंद पडला. मुलगा तिला हैदराबादला न्यायला आला. मी बसस्टँडवर निरोपाला गेलो. बस लागली तशी ती म्हणाली, "सर, एक इचारू? माझा ब्लॉग कसा वाटला? तुम्ही बघितलावच असंल."

"छान. सजावट तर फारच छान."

ती चक्क लाजली. "डाव्या अंगाच्या त्या वेलीला आठ दिवस लागले होते बघा," म्हणाली आणि बसमध्ये चढली.

मी तो ब्लॉग कधी उघडलाच नव्हता. स्पर्धेत नाही, तर कशाला बघायचा, म्हणून. नंतर उघडू उघडू म्हणत राहिलो आणि एक दिवस ती कंपनीच बंद झाली. पान गेलं.

म्हणून आता, हात चालतोय तोवर, नोंद करतो. तो नियम अक्काचा होता. ती कागद, पट्टी आणि उतारा घेऊन बसली नसती, तर मी अर्ध्याहून अधिक मुलांना दारातूनच परत पाठवलं असतं. माझ्या हातून घडलेलं एकमेव चांगलं सार्वजनिक काम तिनं माझ्याकडून करवून घेतलं.

हे छापून आलं की पहिली प्रत तिला हैदराबादला पाठवणार आहे. अक्का, मी खोटं बोललो होतो. ती वेल कशी होती, ते मला आता सांगा.