सहा नंबरची जागा

वेसाव्याच्या कोळीवाड्यात अंजनाबाईंशी वाद घालायची हिंमत फार थोड्यांत आहे. तीस वर्षं मासळी बाजारात बसून त्यांचा आवाज असा तयार झालाय, की गिऱ्हाइकाने पापलेटाकडे बघून नुसतं नाक मुरडलं तरी त्याची शोभा होते. अशा बाईला भारताच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक चुकतोय असं वाटलं, तर ती गप्प बसेल कशी?

त्यांची धाकटी लेक कल्पिता लहानपणापासून गोल करणारी पोर. क्लबात सगळ्यांत पुढे तीच. चोविसाव्या वर्षी महिलांच्या राष्ट्रीय संघात निवड झाली आणि प्रशिक्षक निहार सरांनी तिला मागे ओढलं. मागे चार बचावपटू, त्यांच्यापुढे दोघी, मग तिघी, आणि टोकाला गोल करणारी एकटी. कल्पिता त्या दोघींतली एक, पाठीवर सहा नंबर. अंजनाबाईंनी तीन सामने टीव्हीवर पाहिले. कॅमेरा चेंडूमागे धावे आणि त्यात कल्पिता दिसेच ना.

"पोरीला कोपऱ्यात बसवलीय गो," त्या जाऊबाईंना, द्रौपदीला म्हणाल्या. "सरांना सांगते, पुढं खेळवा, नायतर घेऊन येते घरी."

हे तोंडाची वाफ दवडणं नव्हतं. वडील गेल्यावर कल्पिताने आईला शब्द दिला होता, तू नको म्हणशील त्या दिवशी खेळ बंद. त्यामुळे फोनवर आईचा बेत ऐकून ती रडकुंडीला आली.

"आई, रविवारी अंधेरीत मॅच आहे. स्टेडियममध्ये येऊन एकदा बघ ना! बॉलकडे नको, फक्त माझ्याकडे बघ. मग काय बोलायचं ते सरांशी बोल."

रविवारी दोघी जावा ठेवणीतली लुगडी नेसून गॅलरीत बसल्या. द्रौपदी चेंडूबरोबर उठत-बसत होती. अंजनाबाईंची नजर मात्र सहा नंबरवर.

पहिली दहा मिनिटं त्यांना रागच आला. पोर दोन पावलं सरकते, मागे वळून बघते, पुन्हा सरकते. हा काय खेळ झाला? मग पाहुण्या संघातली दहा नंबरची उंच मुलगी त्यांच्या लक्षात आली. ती डावीकडे गेली की कल्पिता डावीकडे. तिच्या मैत्रिणी तिला चेंडू द्यायला मान वर करत, वाटेत कल्पिता दिसे, आणि चेंडू दुसरीकडेच जाई.

अंजनाबाई पुढे सरकून बसल्या. हे काम त्यांनी स्वतः केलं होतं. नवी सून असताना बंदरावरच्या लिलावात सासूबाई बोली लावत आणि त्यांना मासळीच्या ढिगापाशी उभं करत. बोलायचं नाही, फक्त मोठ्या व्यापाऱ्याला ढिगापर्यंत पोचू द्यायचं नाही. नाव सासूबाईंचं व्हायचं, उन्हात वाट अडवून उभी राहायची ती सून कुणाला दिसायचीच नाही. अंजनाबाईंना एकदम भरून आलं. इतके दिवस आपल्यालाही आपली पोर दिसली नाही, याची त्यांना लाज वाटली.

भारत एका गोलने पुढे होता. सत्तराव्या मिनिटाला निहार सरांना दुसऱ्या गोलची घाई झाली. त्यांनी कल्पिताला बाहेर काढलं आणि आघाडीची आणखी एक मुलगी आत पाठवली. लोकांनी टाळ्या पिटल्या.

अंजनाबाई ताडकन उठल्या. "आरं, त्या दहा नंबरला आता कोन बघनार?"

कुणीच नाही. मोकळं रान मिळालेल्या त्या मुलीने आठ मिनिटांत गोल केला. सामना बरोबरीत सुटला.

खेळाडूंच्या घरच्यांना कठड्यापाशी भेटू देत होते. कल्पिता मान खाली घालून आली, मागोमाग निहार सर.

"आई, कल्पिताच्या जागेबद्दल तुम्हाला बोलायचंय म्हणे," सर म्हणाले.

कल्पिताने डोळे गच्च मिटून घेतले.

"बोलायचंय तर!" अंजनाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "हिला उचललंस कशाला रे? ती व्हती तवर त्या उंच पोरीला बॉल तरी लागला का? एक गोल हातात हाय, तर दार उघडं टाकून दुसऱ्याच्या मागं धावतोस? परत हिची जागा मोडलीस ना, तर गाठ माझ्याशी हाय!"

"चुकलं माझं, आई," सर म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

अंजनाबाई थांबल्या नाहीत. कोण कुठे मोकळी सुटली, कुणी मागे यायला हवं होतं, सगळं त्यांनी हातवारे करून दाखवलं, आणि भारताचा प्रशिक्षक निमूट ऐकत राहिला. कल्पिता मात्र कठड्यावरून वाकून आईच्या खांद्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडत होती.