अण्णांच्या पातेल्यातली मॅकरोनी

मला कुणी काही कबूल करायला लावत नाही. मीच करतो, मोठ्या आवाजात, चारचौघांसमोर. त्या दिवशी कुठल्या कॉन्डोच्या, म्हणजे श्रीमंती सोसायटीच्या, खासगी नव्हे, तर सिंगापुरातल्या आमच्या सेंगकांगच्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभा राहून मी अकरा वर्षांच्या लेकीला ओरडून सांगितलं, "पलीकडे पोहून जा, म्हणशील ते स्वतःच्या हाताने करून घालीन!" कॉन्डो आम्हाला परवडत नाही आणि लेकीला खोल पाणी परवडत नव्हतं, म्हणून एवढी लाच. मला वाटलं होतं, मागून मागून मॅगी मागेल.

ती पलीकडे गेली. भिंतीला हात लावला, वर आली, केसांतलं पाणी निथळायच्या आधी म्हणाली, "बीफ मॅकरोनी. माय फ्रेंड्स मम वाला. एकाच भांड्यात होतं, व्हेरी ईझी, बाबा."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. बीफ मला नवीन नव्हतं. हार्बरफ्रंटच्या ऑफिसखाली मी गेली कित्येक वर्षं बर्गर खातो, आणि तो कशाचा आहे हे न विचारण्याची कला मला चांगली अवगत आहे. पण बाहेर खाणं वेगळं आणि घरात शिजवणं वेगळं. कारण आमच्या घरात आई होती.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले आणि आई पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहिली. "मी खमकी आहे" म्हणत राहिली. मग एका सकाळी ती बाथरूममध्ये पडली. कामवाली बाई येऊन शेजाऱ्यांकडची किल्ली आणेपर्यंत तीन तास ती तिथेच, ओल्या फरशीवर. मला कळलं तेव्हा मी एका मीटिंगमध्ये कुठलातरी आलेख समजावून सांगत होतो. त्या तीन तासांचा विचार मी अजूनही पूर्ण करू शकत नाही, अर्ध्यावरून परत येतो.

तर तिला इथे आणलं. ती एका अटीवर आली. "तुम्ही काय खाता ते मी विचारणार नाही. पण माझी पाच भांडी वेगळी. ती बाटली, तर मी पुण्याला. मग पाया पडू नकोस."

आई रागावून बोलत असती तर मी एवढा घाबरलो नसतो. ती हे बॅगेचं वजन सांगावं तसं सांगत होती.

बायकोने स्वयंपाकघराची फाळणी केली. वरच्या कपाटात आईची पाच भांडी. खाली आमची, त्यांतल्या मांसमच्छीच्या भांड्यांना बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. वर्षभर ही सीमा कुणी ओलांडली नाही. ओलांडायला मीच लागतो.

त्या आठवड्यात बायको ऑफिसच्या कामाला जकार्ताला होती. फोनवर म्हणाली, "कबूल कुणी केलं?"

"मी."

"मग निस्तर. चिकनचा खिमा घातलास तरी तिला कळणार नाही."

"तिला कळेल गं."

"हो, कळेल. मग लाल ठिपक्याचं पातेलं घे, आई गुरुवारी भजनाला गेल्या की कर, आणि खिडक्या उघड. आणि हे बघ, वरच्या कपाटाला हात लावू नकोस."

गुरुवारी आई बिशानला भजनाला जाते. मैत्रिणीच्या घरी, पाच ते सात. मी अर्धी रजा काढली. सुपरमार्केटात बीफचा खिमा पालकाच्या दोन जुड्यांखाली लपवून नेला आणि यंत्रावर पैसे द्यायला उभा राहिलो. त्या यंत्राने स्क्रीनवर चार बोटं उंचीच्या अक्षरांत BEEF लिहिलं. मी छातीने स्क्रीन झाकली. मागच्या चिनी आजीबाई मला डॉक्टरकडे न्यायच्या विचारात असाव्यात.

सुरुवात छान झाली, म्हणजे माझी नेहमी होते तशी. कांदा परतला, लसूण टाकला, खिमा मोकळा करत तांबूस होऊ दिला. लेक ओट्यावर बसून मोबाइलवर कृती वाचत होती. डब्यातले टोमॅटो घातले, मिरपूड, थोडं लाल तिखट (हे कृतीत नव्हतं, पण मी पुण्याचा आहे). मग आली मॅकरोनी.

"किती घालू?"

"इट सेज टू कप्स."

"दोन कपांत काय होतंय! तीन माणसं आहोत," असं म्हणून मी अख्खं पाकीट ओतलं. तीन माणसं कुठली? आई ते खाणार नव्हती, बायको जकार्तात होती. पण माझ्या हिशोबात स्वयंपाक नेहमी पाहुणे येणार असल्यासारखा होतो. वर पाणी, वर झाकण.

मॅकरोनी फुगते हे मला माहीत होतं. साबुदाणा फुगतो, पोहे फुगतात, त्यात काय. पण ही बया श्वास घेतल्यासारखी फुगली. झाकण वर उचललं गेलं, कडेने लाल रस गॅसवर, ओट्यावर, तिथून फरशीवर. लेक ओट्यावर पाय वर घेऊन, इथल्या पोरांचं ते 'लाह'चं शेपूट लावत ओरडली, "बाबा! ओव्हरफ्लोइंग, लाह! बिगर पॉट!"

मोठं भांडं. मी खालचं कपाट उघडलं, सगळी छोटी. मी वरचं कपाट उघडलं. मागच्या बाजूला जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक मोठं, जाड बुडाचं स्टीलचं पातेलं होतं. खरं म्हणजे साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं भांडं साधं भांडं नसतं, हे कुठल्याही शहाण्या मराठी माणसाला कळतं. मी तुकडा खांद्यावर टाकला आणि सगळं त्यात पालथं केलं.

माप अगदी बरोबर बसलं. मी स्वतःवर खूश झालो. चीज किसून घातलं, ढवळलं, आणि बाहेरून ओघळलेला थेंब पुसायला खांद्यावरचंच फडकं घेतलं. अंगठ्याला काहीतरी खरखरीत लागलं.

काठाखाली, टिंबाटिंबांनी कोरलेलं अण्णांचं पूर्ण नाव. खाली आमच्या वडगावच्या जुन्या घराच्या वास्तुशांतीचं साल.

हे ते पातेलं होतं. ज्यात दर वर्षी फक्त एकदाच काहीतरी शिजायचं, आणि आता ते अण्णांच्या तिथीला शिजणार होतं. तांदळाची खीर. तिथी रविवारी होती.

मी गॅस बंद केला. वडिलांच्या नावावरून टोमॅटोचा ओघळ हळूहळू खाली येत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो.

"व्हॉट हॅपन्ड?"

"काही नाही."

"युअर फेस नॉट काही नाही."

तेवढ्यात मोबाइल वाजला. आईचा मेसेज. प्रवासात प्रत्येक टप्प्यावर मेसेज करायचा हा नियम मीच तिला लावला होता, तिच्या काळजीने. "बिशानला गाडीत बसले. भजन लवकर संपलं."

म्हणजे पस्तीस-चाळीस मिनिटं.

माझ्यातला भित्रा माणूस संकटात फार कार्यक्षम होतो. मॅकरोनी काचेच्या भांड्यात काढून सिंकशेजारीच ठेवली. पातेल्यात उकळतं पाणी ओतलं. लिंबू, मीठ, चिंच, साबण, परत चिंच. आजोळी राखेने घासायचे ते आठवलं; सेंगकांगच्या अकराव्या मजल्यावर राख कुठून आणू? उदबत्तीच्या ताटलीत बोटभर सापडली, ती घासली.

"सेरंगूनला गाडी बदलली."

खिडक्या उघडल्या, पंखा पाचवर, चार उदबत्त्या. लेकीला शिकवलं, "आजीने विचारलं तर मशरूम म्हणायचं."

"बाबा, यू सेड लाइंग इज—"

"मशरूम."

मधेच वाटलं, दुसरं पातेलं आणून ठेवावं. सेरंगून रोडला, भारतीय दुकानांच्या पेठेत, असली शंभर मिळतात. पण त्यावर अण्णांचं नाव कसं आणू? मराठी माणूस भांड्यावर नाव घालतो ते हरवू नये म्हणून. बदलूही नये म्हणून घालतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"सेंगकांग. छोट्या गाडीत बसते आता."

त्या छोट्या गाडीचा, एलआरटीचा, रूळ आमच्या खिडकीतून दिसतो. मी पातेलं शेवटचं उकळत्या पाण्याने विसळून पुसलं, उलटसुलट वास घेतला. लिंबाचा येत होता. साडीचा तुकडा... त्याला एक लाल डाग. तो आतल्या घडीत घातला. पातेलं गुंडाळून वर, मागे, होतं तिथे. कपाट बंद झालं आणि बेल वाजली.

आई आत आली. चपला काढता काढता थांबली. "कसला वास?"

"मशरूम," लेक म्हणाली, प्रश्न पूर्ण व्हायच्या आत.

"मॅकरोनी," मी म्हणालो, त्याच वेळी.

"बरं," आई म्हणाली. हातपाय धुऊन आली. मला वाटलं, सुटलो. पुढे काय? रविवारी ती त्यात खीर करील, अण्णांचं पान वाढील, मी हात जोडून उभा राहीन. कुणालाही कळणार नाही. मलाच कळेल, पण माझं काय, मी बर्गरबद्दल न विचारणारा माणूस.

"अरे," आई म्हणाली, "ते मोठं पातेलं काढून दे. दोन लिटर दूध मावतं का बघते. तुमच्या इथे दुधाची खोकी वेगळ्याच मापाची."

"उद्या बघू ना."

"उद्या काय मुहूर्त आहे? माझा हात पुरत नाही."

मी काढून दिलं. तिने ते मांडीवर घेतलं आणि तुकडा सोडायच्या आधी त्यावर तळहात ठेवला. ठेवला आणि काढला. मग परत ठेवला.

"गरम कसं?"

खोटं माझ्या जिभेवर तयार होतं. ऊन येतं त्या कपाटावर. खालून गॅसची धग लागते. पण आई माझ्याकडे बघत नव्हती. ती बोटाने साडीच्या आत चाचपून अण्णांचं नाव शोधत होती, आंधळा माणूस शोधतो तसं. मी म्हणालो, "आई, मी ह्यात मॅकरोनी केली. चुकून. दुसरं उतू गेलं म्हणून."

"मशरूमची."

"बीफची."

हा शब्द मी आईसमोर आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला. उदबत्तीचा धूर पंख्याने गरगरत होता.

आई ओरडली नाही. तिने विचारलं, "पोरीने खाल्लं?"

"अजून नाही."

"मग वाढ तिला. गार होतंय." पातेलं तिने टेबलावर ठेवलं, उठली, तिच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

मी लेकीला वाढलं. आणि मग ऐकलं. खाटेखालून बॅग ओढल्याचा आवाज. चाकं फरशीवर. मग चेन, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश.

मला पुण्याची ती बाथरूमची फरशी दिसली. तीन तास. ह्या वेळी चार, पाच. एका पाकिटाऐवजी दोन कप घातले असते तर. मी दाराबाहेर उभा राहिलो, हात उचलला, पण वाजवायचं धाडस झालं नाही. पाया पडू नकोस, असं तिने आधीच सांगून ठेवलेलं.

स्वयंपाकघरातून लेकीचा आवाज आला, "बाबा, नॉट लाइक माय फ्रेंड्स मम वाला. बट ओके, लाह. लिटल बिट साबण."

दार उघडलं. आई बाहेर आली, मला ओलांडून स्वयंपाकघरात गेली, वरचं कपाट उघडायला स्टूल ओढू लागली. मी धावलो. "आई, पडशील!"

"मग तू काढून दे. चारही."

मी तिची उरलेली चार भांडी काढून दिली. तिने ती एकेक करून खोलीत नेली. मी मागून बघितलं. बॅगेत कपडे नव्हते. साड्या कपाटात होत्या तशाच. बॅगेत ती भांडी रचत होती, मधे टॉवेल घालून. चेन लावली, छोटं कुलूप लावलं, बॅग खाटेखाली सरकवली.

"उद्या मला सेरंगून रोडला ने," ती म्हणाली. "नवं पातेलं घ्यायचंय. आणि ते जुनं तुमच्यात ठेवा. लाल ठिपका लावा त्याला."

"अण्णांचं नाव आहे त्यावर."

"असू दे. त्यांनाही कळू दे मुलगा काय करतो."

रविवारची खीर नव्या पातेल्यात झाली. त्यावर नाव मी घातलं, लेकीच्या कंपासच्या टोकाने, दोन संध्याकाळी बसून. अक्षरं वाकडी आली. आईने त्यांवरून एकदा अंगठा फिरवला आणि दूध ओतलं, ह्याचा अर्थ काय ते मी विचारलेलं नाही.

आता ती माझ्या हातचा चहासुद्धा घेताना विचारते, "कशात केलास?" मी भांडं उलटं करून बूड दाखवतो. आणि तिची पाच भांडी बॅगेतच असतात. म्हणजे जायचं ठरलंच, तर अर्धी तयारी झालेली आहे.

रोज सकाळी साडेसहाला तिच्या खोलीतून चाकांचा आवाज येतो, मग कुलूप, मग चेन. मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडलेला असतो. पावलं कुठल्या दिशेने जातात ते ऐकतो. मग गॅसचा लायटर कटकन वाजतो, आणि मी श्वास सोडतो.