खुराड्यामागचा कॉलम

इमारतीच्या कॉलममधलं काँक्रीट बोटांनी उकरता येतं, हे मी महाडला आमच्याच पार्किंगमध्ये पाहिलं.

भांडण खरं तर कोंबड्यांवरून होतं. तळमजल्यावरच्या काकू मूळच्या कापडे गावच्या. मुलगा एमआयडीसीत लागला म्हणून इथे राहायला आल्या आणि येताना कोंबड्या घेऊन आल्या. पार्किंगच्या कोपऱ्यात, कॉलमला टेकवून त्यांचं खुराडं होतं. सोसायटीच्या चेअरमनना ते डोळ्यांसमोर नको असायचं. कुणाची चादर गॅलरीच्या कठड्याबाहेर लोंबली तरी त्यांचा फोन यायचा. नुकताच त्यांनी साऱ्या इमारतीला पिस्ता रंग लावून घेतला होता. कितीदा सांगूनही काकू ऐकेनात.

"अंडी न्यायला सगळी येतात," त्या म्हणायच्या, "कोंबड्या तेवढ्या नाय चालत?"

शेवटी चेअरमननी नगरपालिकेत तक्रार केली.

नगरपालिकेतून एक इंजिनिअर बाई आल्या. मी भाजी घेऊन बाजारातून येत होते, ती गंमत बघायला थांबले. चेअरमन म्हणाले, "मॅडम, हे आधी इथून हलवायला लावा."

काकू तोंडातल्या तोंडात पुटपुटत वाकल्या. मी पिशवी खाली ठेवून खुराड्याला हात लावला. खुराडं सरकलं आणि मागून पिस्ता रंगाचा ताटाएवढा पोपडा फरशीवर पडला.

बाई पुढे आल्या. त्यांनी स्कूटरच्या किल्लीने कॉलमवर ठोकलं. भोपळ्यावर टिचकी मारावी तसा आवाज आला. मग त्यांनी बोटं घातली. वाळू भसाभसा खाली आली. आतली सळई गंजून फुगली होती; त्यांनी ती धरली तर तिचा तुकडाच हातात आला.

पुराचं पाणी या पार्किंगमध्ये किती वेळा उभं राहिलं होतं! दर वेळी आम्ही सगळ्यांनी मिळून चिखल काढला, भिंती धुतल्या आणि वरून रंग दिला. याच कॉलमवर माझं घर उभं होतं. वर माझी सासू दुपारची झोपली होती.

"मॅडम, तक्रार कोंबड्यांची होती," चेअरमन म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"कोंबड्या राहू द्या. सगळ्यांना खाली बोलवा. आत्ताच्या आत्ता."

"पण आवारातलं सोसायटी बघून घेईल. आम्ही मीटिंग लावतो..."

"बिल्डिंग मीटिंगसाठी थांबणार आहे का?"

चेअरमन जिना चढत एकेक दार बडवत सुटले. मी वर पोचले तेव्हा मला काय घ्यावं तेच सुचेना. कपाट उघडलं, बंद केलं. सासूबाईंचा हात धरून खाली आले तेव्हा माझ्या दुसऱ्या हातात डाळीसकट कुकर होता.

रस्त्यापलीकडे आम्ही सगळे उभे. संध्याकाळी लोखंडी टेकू लागले. इमारत रिकामी ठेवायचा हुकूम झाला. कुणी बिरवाडीत खोल्या शोधायला निघाले. काकू माझ्या सासूबाईंना म्हणाल्या, "चला गो कापड्याला. घर मोठं हाय." आम्ही त्यांच्याकडेच राहिलो, पावसाळा सरेपर्यंत. सासूबाई पंख्याचा आवाज झाला तरी दचकून उठायच्या. मीही जागीच असायचे.

कॉलमना नवं काँक्रीट भरून झालं आणि आम्ही परतलो. कोंबड्या काकूंनी गावीच ठेवल्या. तपासणी कुणी करायला हवी होती, यावर सोसायटी आणि नगरपालिका अजून एकमेकांकडे बोट दाखवतात. चेअरमन मीटिंगला येतात, पण रंगाचा विषय निघाला की उठून जातात. त्या दिवशी रस्त्यावर ते अनवाणीच उभे होते, वर इमारतीकडे बघत. मला म्हणाले, "वहिनी, मी रोज त्या कॉलमजवळून जायचो हो."

मीही रोज तिथूनच जायचे.