फ्रेम रेट नॉर्मल आहे

माझा थोरला भाऊ हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा. दुसऱ्यांनी लिहायचं आणि ते कुठे चुकतं हे यानं सांगायचं. पुण्यात हे काम लोक फुकट करतात, त्यामुळे त्याला याचा पगार मिळतो हे आमच्या आईला शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्याला ‘आधारस्तंभ’ म्हटलं, काचेचा एक त्रिकोण हातात दिला आणि दारावर ओळखपत्र काढून घेतलं.

घरी बसल्यावर त्यानं गेम खेळण्यासाठी भारी कॉम्प्युटर जुळवून घेतला. खेळ एकच, घाटात गाडी चालवण्याचा. थोड्याच दिवसांत तक्रार सुरू झाली. चित्र अडकतं. गाडी वळणाआधी असते, मग एकदम वळणापलीकडे. पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेम रेट दिसायचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं बदलतात तो आकडा. तो उत्तम होता. इंटरनेटवर विचारलं, तर सगळे म्हणाले, नॉर्मल आहे. एकानं लिहिलं, “काका, चष्मा बदला.”

दादानं तोही बदलला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा बघायचं, ही त्याची कामावरची पद्धत. केबल बदलली, ग्राफिक्स कार्ड बदललं, मॉनिटर बदलला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं. गाडी अडकतच राहिली.

मग एका रविवारी सकाळी त्यानं मला बोलावलं.

“या भाऊजी,” वहिनी चहा ठेवत म्हणाली. “यांचं सगळं बदलून झालंय. आता बायकोच राहिली.”

“बायको नाही, बघणारा राहिलाय,” दादा म्हणाला आणि त्यानं मला स्वतःची खुर्ची दिली.

मी गाडी चालवली. वाईट चालवली, पण रस्ता सलग येत होता. दादा मागे उभा होता. तो पडद्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होता.

“अडकतंय?”

“थोडं,” मी म्हणालो.

“कुठे?”

लोकांचं ‘थोडं’ त्यानं नोकरीभर असंच पकडलं असणार. मला एकही जागा दाखवता येईना.

“नाही अडकत, दादा.”

“मग मशीन नॉर्मल आहे.”

“चांगलंच झालं की,” वहिनी म्हणाली, आणि त्याचा चेहरा बघून थांबली.

तो पलंगावर बसला. “परवा स्वारगेटला बस लांब होती,” तो तिला म्हणाला. “मग एकदम अंगावरच. मधली दिसलीच नाही.”

“आणि हे आज सांगताय?”

“खात्री नव्हती.”

वहिनी फोन घेऊन गॅलरीत गेली. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळते का, हे ती कुणाला तरी विचारत होती. मी खेळ बंद करायला हात पुढे केला.

“राहू दे,” दादा म्हणाला. त्यानं डोळे मिटले होते. “चालव तू. मध्ये काय काय येतं, ते सांग.”

मी सांगत गेलो. कठडा. झाड. पुन्हा कठडा. मैलाचा दगड.