भिकूने दूध टाकलं तो उन्हाळा

कांदळगाव मागे पडलं तेव्हा सुभद्रा पहिल्यांदा बोलली. जरा थांबूया म्हणाली. मसुऱ्याहून निघून दीड तास झाला होता. मला वाटलं पाय दुखले असतील. ती गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या, आडोशाला गेली, तिथे एक रुई होती, तिच्या मुळाशी वाकून बसली. परत आली तेव्हा चोळी ओली होती. सकाळपासून दूध दाटलं होतं, सोसवेना, म्हणून पिळून आली. वाटेवर टाकलं तर कोणाच्या पायाखाली येईल, म्हणून रुईच्या मुळाशी.

तिचा नऊ महिन्यांचा भिकू मागे सासूपाशी राहिला होता.

ही गोष्ट सत्तावन्न सालच्या मे महिन्यातली. मी तेव्हा मसुऱ्याच्या दवाखान्यात सुईण होते. मराठी सातवी होऊन रत्नागिरीला शिकून आलेली, वय पंचवीस. महिन्याचे कागद द्यायला मालवणला चालत जायचे. सुभद्रेचं माहेर वाटेवरच, कोळंबला. तिची सासू काशीबाई म्हणाली, जातच आहात तर हिला पोचवा. पोचवा म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. सून घरातून काढली होती.

कारण काय, तर भिकूने दूध टाकलं. एके दिवशी छातीशी धरला तर तोंड फिरवलं, दुसऱ्या दिवशी आईने मांडीवर घेतलं की रडायला लागला. काशीबाई शेळीचं दूध वाटीने पाजू लागली. आमच्याकडे सगळ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की अंगावरचं पोर मधेच दूध टाकतं ते आईला पुन्हा दिवस गेले म्हणजे. दूध बदलतं आणि पोराला ते आधी कळतं. सुभद्रेचा नवरा हरिश्चंद्र मालाच्या बोटीवर होता. तो जाऊन अकरा महिने झाले होते. त्याने पोराचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.

तरीही काशीबाई लगेच काही बोलली नव्हती. ती बाई कडक, पण उथळ नव्हती. तिने बावीवर, पाणी भरताना, मला विचारलं, पोर आपणहून सोडतं का हो इतक्या लवकर? चार बाया कळशा खाली ठेवून ऐकत होत्या. माझ्या अंगात शिकून आल्याचा तोरा होता. मी म्हटलं, वर्षाच्या आत मूल आपणहून कधी सोडत नाही, काहीतरी कारण असतंच.

मी एवढंच म्हटलं. ते खोटंही नव्हतं. पण कारण काय ते बायांनी आपापलं धरलं, आणि मी कळशी उचलून घरी गेले. पोराला बघायलासुद्धा गेले नाही.

दोन दिवसांत सुभद्रेची वळकटी बांधली गेली. तिने पोर मागितलं. काशीबाई म्हणाली, "दूद पियत नाय तर आयेक धरून काय करतलो? ऱ्हवांदे हंयच."

आता त्या ओल्या चोळीकडे बघताना मला कळत होतं, पुन्हा पोटुशी असलेल्या बाईला असं दूध दाटत नाही. मग पोराने टाकलं का? तिने पदर सावरला तेव्हा तिची बोटं दिसली. टोकं काळी पडलेली, साल सोललेली. मी हात धरून विचारलं. ती म्हणाली, काजूचे. एका बागायतदाराच्या मांगरात, बागेतल्या खोपटात, बिया भाजून फोडायला आठवडाभर जात होती. भाजलेल्या बीच्या सालीतून तेल उडतं, ते अंगाला लागलं की भाजतं, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक. पण घरी आल्यावर भिकू रडून लाल झालेला असायचा, छाती भरून आलेली असायची. हात राखेने पुसायचे आणि पोराला घ्यायचं. घाईत हाताने धरून तोंडात द्यायचं.

मी विचारलं, तोंडात फोड होते का त्याच्या? तिला माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं.

बोटांवरचं तेल छातीला लागून पोराचं तोंड पोळलं असणार, हे तिला समजावून सांगितलं. ती ऐकत होती आणि बोटं पदराला पुसत होती, पुसतच होती. वाटेतल्या एका देवळावरून पुढे गेलो तेव्हा तिने हात जोडले. मी नुसती उभी राहिले. मागायला मला तोंड नव्हतं.

ती म्हणाली, परत जाऊया. मी म्हटलं, तू माहेरी थांब, मी आधी काशीबाईशी बोलते. तेही माझंच चुकलं, तिला तिथूनच माघारी आणायला हवी होती.

मालवणहून परतले ती थेट काशीबाईकडे गेले. भिकूच्या तोंडात बोट घालून बघितलं. ओठाच्या आत आणि जिभेखाली पांढरे डाग होते, बरे होत आलेले. काशीबाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, बघूया. बघूया म्हणजे सुभद्रेचं पोट दिसतं की नाही ते बघूया. बावीवर मात्र मी काही बोलले नाही. चार बायांसमोर आपलं चुकलं म्हणायला जीभ उचलली नाही.

श्रावणात सुभद्रेला बोलावणं गेलं. तोवर दूध आटलं होतं. कोळंबला रोज दोनदा पिळून काढत होती म्हणे, आटू नये म्हणून, मग ताप आला आणि गेलं. भिकू तिला बघून आजीच्या पदराआड गेला.

पुढे मला खूप बायकांनी तोच प्रश्न विचारला. मी आता आधी पोराच्या तोंडात बघते, मग नाकाकानात, मग आईचा दिवस कसा जातो ते विचारते. दोन-अडीच वर्षांचं मूल खेळता खेळता आपणहून सोडतं, ते मी पाहिलंय. नवव्या महिन्यात तोंड फिरवणाऱ्या पोराला बहुतेक वेळा काहीतरी खुपत असतं.

सुभद्रा त्याच घरात राहिली. शेत, गुरं, सासूचं दुखणंखुपणं सगळं तिने केलं. हरिश्चंद्र गणपतीला दहा दिवस यायचा. बावीवरचं ते बोलणं त्याच्या कानावर गेलं होतं की नाही कोण जाणे, पण दुसरं मूल झालं नाही. भिकू आजीपाशी निजायचा, आजीलाच आये म्हणायचा, हिला सुभद्रा. लोक हसायचे, तीही हसायची.

सहासष्ट सालच्या मे महिन्यात ती दवाखान्यात आली. शेवटची बाई जाईपर्यंत बाकावर बसून राहिली. औषध नको होतं. भिकू जूनमध्ये बापाबरोबर मुंबईला शाळेला जाणार होता. म्हणाली, आजीने त्याला लहानपणापासून सांगितलंय, की तुवांच आयेक सोडलंस, नऊ म्हयन्याचो आसताना. तोही पाव्हण्यांना मोठ्या ऐटीत सांगतो.

मी म्हटलं, मग तू सांग ना त्याला खरं काय ते.

"माझा तो ऐकना नाय. पयला बावीर तां तुमच्याच तोंडातसून इलां, आता त्याकाय तुम्हीच सांगा, बाई. त्याचा तोंड माझ्या हातान भाजलां, तां सांगा. पण तेनां माका सोडूक नाय, तांय सांगा."